हद्दीच्या खुंटाखालचा रस्ता

पावसाची रात्र गेली की सकाळी आमच्या दुकानात सगळ्यात आधी ऐकू यायची ती एबलकाकांची ढकलगाडी. तिचं एकुलतं चाक कुरकुरत पुलावरून जायचं आणि मग चढाला लागलं की ती कुरकुर हळूहळू बारीक व्हायची. रात्रीच्या पाण्यानं घाटावरची खडी खाली ओढ्यात आणून टाकलेली असे. एबलकाका ती फावड्यानं उचलत, गाडीत भरत आणि जिथून आली तिथं नेऊन ठेवत. पुढच्या पावसात ती परत खाली येई.

"आता ओळखीची झालीत ही दगडं," ते माझ्या वडिलांना म्हणायचे. "यातल्या काहींना मी माझ्या पोरीपेक्षा जास्त वेळा कडेवर घेतलंय."

एबल प्रिडो हे आमच्या कौन्सिलचे रस्तेवाले. टिंकरच्या घाटाचा खालचा भाग त्यांच्याकडे होता. पुलापासून वर चढत जाऊन, अर्ध्या घाटात पांढरा रंग दिलेला एक लाकडी खुंट होता, तिथपर्यंत. खुंटाच्या वर दुसरी कौन्सिल. आम्ही तिला वरची कौन्सिल म्हणायचो आणि ते आम्हाला खालची. वर जंगल, बटाट्याची शेतं आणि सफरचंदांच्या बागा. खाली दुकान, चॅपल, पूल आणि बंदराकडे जाणारा सपाट रस्ता. वरचा सगळा माल बैलगाड्यांनी खाली यायचा. या गाड्या म्हणजे काही हलकी चीज नव्हे. सहा-सहा, आठ-आठ जोड्या बैल आणि मागे घराएवढी लाकडांची नाहीतर पोत्यांची रास.

चढ बैल ओढतात, पण उतारावर गाडीच बैलांना ढकलते. म्हणून घाटाच्या माथ्यावर गाडीवान एखादं मध्यम झाड तोडायचे आणि फांद्यांसकट ते साखळीनं मागच्या आखाला बांधायचे. उतारभर ते झाड जमिनीत नखं रुतवल्यासारखं मागे ओढत यायचं आणि गाडी धरून ठेवायचं. खाली पुलाशी आलं की साखळी सोडायची, झाड तिथंच टाकायचं. आमच्या गावात चुलीला लाकूड कधी कुणी विकत घेतलं नाही.

पण त्या झाडानं रस्त्याच्या मधोमध चर पडायचा. उन्हाळ्यात तो नुसता धुळीचा असे. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात; तो लागला की पाण्याला तीच वाट सापडायची. पाणी खडी घेऊन जायचं, खडीखालची माती घेऊन जायचं, आणि एबलकाका सकाळी रस्त्याचं उरलेलं हाड बघत उभे राहायचे.

गाडीवानांत त्यांचा मेहुणाही होता. जोरी नान्स, टॅमसिनकाकूंचा धाकटा भाऊ. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पुलाशी झाड सोडताना एबलकाका दिसले की तो हमखास हाक मारायचा.

"दाजी, तुमच्यासाठी काम घेऊन आलोय! नाहीतर कौन्सिल म्हणायची, हा माणूस बसून खातो."

"तू एक दिवस रिकाम्या हातानं ये रे," एबलकाका म्हणायचे. "तेवढाच सण."

रविवारी दोघं एकाच टेबलाशी बसून मटणाचं सारण भरून भाजलेल्या पेस्ट्या खायचे आणि रस्त्याचा विषय निघाला तर टॅमसिनकाकू चहाची किटली जरा जोरात आपटायच्या.

एका हिवाळ्यात एबलकाकांची कंबर धरली. आठवडाभर ते अंथरुणात होते आणि त्या आठवड्यात घाट असा वाहून गेला की टपालाची घोडागाडीसुद्धा वर जाईना. बरे झाल्यावर ते रविवारी चॅपलला जायचा कोट घालून कौन्सिलच्या बैठकीला गेले. टोपी हातात धरून एवढंच म्हणाले, की मी एकटा आहे आणि झाडं रोज येतात. मी भरतो त्याहून जास्त उकरलं जातं. ही झाडं ओढणं बंद करा, नाहीतर रस्ता बंद करा.

कौन्सिलनं ऐकलं. कौन्सिल इतक्या पटकन काही ऐकत नसे, पण चेअरमनसाहेबांची स्वतःची घोड्याची टमटम त्याच घाटातून जायची. नियम झाला. जड गाडीच्या चाकांना चार इंच रुंदीची लोखंडी धाव हवी, म्हणजे चाकोरी खोल पडणार नाही. उतारावर मागचं चाक फिरू नये म्हणून साखळीनं बांधून त्याच्याखाली लोखंडी बूट घालायचा. आणि कसलंही झाड, ओंडका किंवा फांदी रस्त्यावरून ओढत आणायची नाही. खुंटापाशी पाटी लागली. एबलकाकांनी ती स्वतः ठोकली. त्या दिवशी घरी आल्यावर ते दुपारीच झोपले, असं काकू सांगायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा.

वरच्या कौन्सिलनं मात्र असा नियम करायला नकार दिला. घाट खाली उतरतो, तर त्रासही खालच्यांचा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता नियम करताना, गाडीवान बांधलेलं झाड सोडणार कुठं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. एबलकाकांच्याही नाही. गाडीवानांच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं. वरच्या हद्दीत झाड ओढायला बंदी नव्हती. मग माथ्यावरून झाड बांधायचं, खुंटापर्यंत मजेत यायचं, पाटी वाचल्याचं नाटक करायचं, साखळी सोडायची, झाड तिथंच टाकायचं, चाकाखाली बूट घालायचा आणि पुढं निघायचं. आठवडा गेला नाही तोच अर्ध्या घाटात, ऐन अरुंद वळणावर, झाडांचा ढीग उभा राहिला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि मधे ढीग. ज्या झाडांवर पूर्वी गावाच्या चुली पेटायच्या, ती आता पहारीनं रेटून एबलकाकांना एकेक करून दरीत लोटावी लागत.

"दाजी, कायद्यानं वागतोय हां आम्ही," जोरी वरून ओरडायचा. "तुमची पाटी फार छान आहे. अक्षर पण सुंदर!"

"तुझं डोकं त्या पाटीखाली ठेवलं असतं तर खिळे सरळ गेले असते."

ते कौन्सिलच्या कचेरीत गेले. कारकून स्कोबलसाहेब सज्जन माणूस होते, पण त्यांनी घाट फक्त नकाशात पाहिला होता. तिथं झालेलं बोलणं एबलकाका आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून जसंच्या तसं सांगायचे.

"ओंडके येतात कुठून?" स्कोबलसाहेबांनी विचारलं.

"वरून."

"म्हणजे ते वरच्या कौन्सिलचे."

"पण सोडली की घसरून येतात खुंटाच्या खाली. चार पावलं."

"मग तो आपल्या रस्त्यावरचा अडथळा झाला. काढायला हवा."

"काढतोय ना, साहेब."

"मग अडचण काय आहे?"

यावर एबलकाकांनी टोपी घातली. ते परत आले. "अडचण काय आहे ते मला कुणी नीट शिकवलंच नाही," ते म्हणाले आणि माझ्या वडिलांनी पुढं केलेला चहा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

तो हिवाळा फार ओला गेला. आमची माती चिकणमाती. भिजली की तिच्यावरून बूट चढवलेलं चाक साबणासारखं जातं. डिगरी ओपीची गाडी अशीच वळणावर घसरली. डिगरी उडी मारून वाचला. धुरेचे, गाडीला सगळ्यात जवळचे, दोन बैल वाचले नाहीत. सगळं गाव बघायला गेलं होतं. एबलकाका पहार घेऊन एका बाजूला उभे होते. त्यांना कुणी काही बोललं नाही. पण कुणी त्यांच्याशीही बोललं नाही.

त्यानंतर ओल्या दिवसांत झाडं बांधलेलीच खुंटाच्या खाली यायला लागली. गाडीवान पहाटेच निघायचे. एबलकाका घाटात पोचेपर्यंत ताजा चर सरळ पुलापर्यंत गेलेला असायचा. ते बघायचे आणि भरायला लागायचे. अशाच एका चरात चेअरमनसाहेबांच्या टमटमचं चाक गेलं, स्प्रिंग मोडली आणि चेअरमनसाहेब चिखलात बसले.

दुसऱ्या दिवशी स्कोबलसाहेब स्वतः आले. दुकानासमोरच त्यांनी एबलकाकांना गाठलं.

"प्रिडो, हे कोण करतंय?"

"मी जातो तोवर गेलेले असतात, साहेब."

"चाकोऱ्या तर ओळखता येत असतील तुम्हाला. इतकी वर्षं काढलीत." स्कोबलसाहेबांनी घसा साफ केला. त्यांना हे काम आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "हे पाहा, यापुढं खुंटाखाली चर दिसला तर नाव आलं पाहिजे. नाव नाही आलं तर कौन्सिल रस्ता दुसऱ्या माणसाला देईल. आणि घर रस्त्याबरोबर जातं, हे तुम्हाला माहीत आहे."

घर म्हणजे पुलाजवळची दोन खोल्यांची जागा. मागे पाच-सहा कोंबड्या, एक लिंबाचं झाड. एबलकाकांचं सगळं आयुष्य तिथून वर आणि वरून तिथं असं गेलं होतं.

त्या रविवारी जोरी जेवायला आला. पेस्ट्या कापून झाल्या. मग एबलकाकांनीच विषय काढला.

"जोरी, यापुढं सापडलास तर मी नाव देणार."

"द्या की."

"थट्टा नाही करत मी."

"मी तरी कुठं करतोय?" जोरीनं काटा खाली ठेवला. "डिगरीचे बैल तुम्ही पाहिलेत ना, दाजी? मग? मी माझे बैल त्या बुटावर सोडू? तुमच्या रस्त्याला चर पडू नये म्हणून?"

"माझा रस्ता? माझ्या बापाचा आहे का तो?"

"मग एवढा जीव का काढताय?"

"पुरे," टॅमसिनकाकू म्हणाल्या. "रोज तो रस्ता बुटांना चिकटून घरात येतो. आता बशीत पण आणा." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेरिन किती वेळा बोलावतेय. तिच्याकडे समुद्रकाठी जमीन कशी तव्यासारखी आहे. पाणी पडतं आणि पडलेल्या जागीच राहतं."

मेरिन त्यांची मुलगी. एबलकाका म्हणाले, "तिथं मी काय करू?"

"काही करू नका," काकू म्हणाल्या. "तेच तर."

पुढच्याच आठवड्यात ते झालं. रात्रभर पाऊस होता. एबलकाका त्या दिवशी अंधारातच निघाले होते. ते खुंटापाशी पोचले तेव्हा वरून साखळीचा आणि फांद्या घासल्याचा आवाज येत होता. जोरीची गाडी, स्ट्रिंगीबार्क झाडाच्या फळ्यांनी भरलेली. तिच्यामागे थोड्या अंतरावर आणखी एक गाडी.

जोरीनं बैल खुंटाला लागून थांबवले. त्याचा चेहरा पावसात राखाडी दिसत होता. नेहमीचं हसू नव्हतं.

"बोला, दाजी. झाड सोडू का ठेवू?"

एबलकाकांनी मान वळवून घाटाकडे पाहिलं. खाली वळणावर माती लोण्यासारखी चमकत होती. धुरेचा डावा बैल, ड्यूक, म्हातारा होता. मागून गाडीचा भार त्याच्या अंगावर आला होता आणि त्याचे पुढचे गुडघे बारीक थरथरत होते.

"सोडा म्हणालात तर सोडतो," जोरी म्हणाला. "पाटीवर लिहिलंय तसंच करतो. पण मी डिगरीसारखी उडी मारणार नाही. तुमच्या तोंडानं सांगा."

"मी तोंड उघडलं नाही तर?"

"तर इथंच उभा राहतो. दिवसभर."

मागच्या गाडीवाल्यानं हाक मारली, "काय चाललंय रे? बैल घसरतायत माझे!"

एबलकाकांनी फावडं खांद्यावरून खाली घेतलं. "ठेव," ते म्हणाले.

"काय?"

"ठेव म्हटलं ना! बांधलेलं राहू दे. चल, हाक."

जोरीनं आणखी काही विचारलं नाही. गाडी हलली. झाड खुंट ओलांडून खाली आलं आणि त्याच्यामागे चर उमटत गेला. एबलकाका चरात उतरले आणि फावड्यानं कडेची माती आत ओढायला लागले. गाडी पुढं, झाड मागे, त्याच्यामागे ते. असे ते पुलापर्यंत आले. पावसात माती टाकायची आणि पाण्यानं ती परत न्यायची. मी दुकानाच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ते शेवटच्या वळणावर होते. इतके वाकलेले, की लांबून तेही त्या झाडाचाच एक तुकडा वाटले.

पुलाशी जोरीनं साखळी सोडली. बराच वेळ तो हातातली कडी पुसत राहिला.

"नाव देणार ना?" त्यानं विचारलं.

"द्यायलाच लागेल."

"द्या. मी काही मनात धरणार नाही."

"तुझं देऊन काय करू? तू विचारलंस. ठेव म्हणालो तो मी."

"दाजी, वेड लागलंय का? घर जाईल."

"जाईल," एबलकाका म्हणाले. आणि त्यांनी फावडं ओढ्यात धुवून घेतलं.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ओला कोट चुलीसमोर टांगला. त्यांनी विचारलं, "मग, घर सोडायचं?"

"सोडावं लागेल."

"मेरिनला कळवायला हवं."

"कळव."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी काकू आमच्या दुकानात आल्या आणि बिस्किटांचं रिकामं खोकं मागून घेऊन गेल्या. जाताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी फक्त चॅपलमध्ये ऐकलं होतं.

बैठकीच्या दिवशी एबलकाकांनी पुन्हा चॅपलचा कोट घातला. त्यांनी कौन्सिलला सांगितलं, की खुंटाखालून झाड ओढून आणायला मी स्वतः परवानगी दिली. नियम मीच मागितला होता आणि मीच मोडला. कोरडं असेल तर बूट चालतो. ओल्यात चालत नाही. मला हे आधी कळायला हवं होतं, कळलं नाही. रस्ता दुसऱ्याला द्या.

मग एक सदस्य, जे बटाट्यांचे व्यापारी होते, म्हणाले की यात तथ्य आहे. माल यायलाच हवा. दुसरे म्हणाले, सरसकट परवानगी दिली तर घाट राहणार नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, घाटात रोज उभा असलेला माणूस आपल्याकडे एकच आहे. स्कोबलसाहेबांनी हळूच सुचवलं, की नियमात एक ओळ घालता येईल. आणि ती घातली गेली. ओल्या दिवशी झाड ओढावं की ओढू नये, हे प्रत्येक गाडीच्या बाबतीत रस्तेवाल्यानं हद्दीच्या खुंटापाशी उभं राहून ठरवावं, आणि पडलेला चर त्यानंच त्या दिवशी बुजवावा.

सगळ्यांना ते पटलं. बाहेर पडताना चेअरमनसाहेबांनी एबलकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रिडो, तुमच्यासारखा माणूस आम्हाला दुसरा कुठून मिळणार?"

घरी जायच्या आधी ते आमच्या पायरीवर बसले. माझ्या वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"ठेवलं मला."

"अरे वा! अभिनंदन."

"हं."

"बरं झालं की, एबल. घर राहिलं."

"राहिलं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी फिरवत राहिले. "येताना वाटेत माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी मनानं त्या सपाट जमिनीवर चालत होतो. मेरिनच्या दारात. अनवाणी." मग ते म्हणाले, "टॅमसिनला कसं सांगू?"

वडील चहा आणायला आत गेले.

पुढचं काकूंनी मला नंतर, खूप नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी घरातला पडदा काढून धुतला होता. बशा, कप, आईची निळी सुरई, सगळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलं होतं. भिंतीवर जिथं फळी होती तिथं नुसते खिळे उरले होते. एबलकाका दारात आले आणि तिथंच थांबले.

"कधीपर्यंत सोडायचंय?" काकूंनी विचारलं.

"सोडायचं नाही."

"म्हणजे?"

"ठेवलंय त्यांनी. शिवाय ओल्या दिवशी गाड्यांना हो-नाही म्हणायचं कामही मलाच दिलंय."

काकू खोक्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"आभार मानले."

"आभार मानले," काकू म्हणाल्या.

"मग काय म्हणणार होतो? तुमच्या नोकरीवरून मला काढा म्हणून भांडायचं?"

काकू हसल्या. इतकं खरं हसू, की एबलकाकांनाही हसू आलं आणि दोघं थोडा वेळ त्या रिकाम्या भिंतीसमोर हसत बसले. मग ते थांबलं. बाहेर ढग भरून आले होते. जेवायची वेळ झाली होती.

काकूंनी खोक्यात हात घालून वर्तमानपत्रातली एक बशी काढली, मग आणखी एक.

"बाकीच्या?" एबलकाकांनी विचारलं.

"राहू देत," काकू म्हणाल्या. "आपल्याला दोनच लागतात."